पानाशिवायचं तूप

"तुह्या पदराले दवाखान्याचा वास येते," असं माझ्या सासूबाई कितीतरी वर्षं म्हणत आल्या. ते खरंच होतं. वर्ध्याला एका संस्थेची अन्नतपासणीची लहानशी प्रयोगशाळा आहे, तिथे मी काम करते. दूध, तूप, तेल, मसाले यांतून जे काही शोधायचं असे ते बहुतेक इथर या उग्र वासाच्या, चटकन उडणाऱ्या द्रवात उतरवून घ्यावं लागे. पदार्थ इथरमध्ये घुसळायचा, वरचा थर काढायचा, इथर उडवून लावायचं आणि मागे जे उरेल ते तपासायचं. एकादशीला रिकाम्या पोटी ते काम करताना डोकं गरगरायचं. मी कधी बोलले नाही. संध्याकाळी घरी आले की आधी न्हाणीघरात जायचे, मग तुळशीपाशी.

दोन हजार चार साली आमच्याकडे सुईची पद्धत आली आणि माझ्यापुरतं ते दुखणं संपलं.

सुई म्हणजे इंजेक्शनच्या सुईसारखीच. तिच्या पोटात केसाएवढा बारीक धागा असतो आणि धाग्यावर वास धरून ठेवणारा लेप. बाटलीत थोडं तूप घ्यायचं, रबरी बूच घट्ट बसवायचं, बाटली गरम पाण्यात ठेवायची. तुपाचा वास वरच्या रिकाम्या जागेत जमतो. मग बुचातून सुई आत घालायची आणि धागा त्या रिकाम्या जागेत अधांतरी सोडायचा. तुपाला तो शिवत नाही. वास धाग्याला बिलगला की धागा पुन्हा सुईत ओढायचा आणि सुई यंत्राला लावायची. यंत्राच्या उष्णतेनं धागा वास सोडतो, यंत्र त्यातला एकेक घटक वेगळा करतं आणि कागदावर एकेक टोक काढत जातं. इथर नाही, काही नाही.

पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला नैवेद्याचं ताट आठवलं. आपण देवापुढे ताट ठेवतो, पाणी फिरवतो, आणि ताट होतं तसंच राहतं. लहानपणी आजीला विचारलं होतं, देव जेवला तर भात कमी का नाही झाला? ती म्हणाली होती, देव फक्त वास घेतो गं. म्हणूनच नैवेद्याचा वास आपण आधी घ्यायचा नसतो.

वासुदेवराव आमच्या प्रयोगशाळेचे प्रमुख. त्यांना हे सांगितलं तर ते चष्मा वर करून म्हणाले, "अंजूताई, देवाले जे कळते ते कागदावर उतरत असतं तं आपली नोकरी गेली असती."

माझे नेम मोठे नाहीत. सकाळी तुळशीला पाणी घातल्याशिवाय मी पाणी पीत नाही. देवाला वाहायच्या फुलाचा वास घेत नाही. रोज एक वात स्वतः वळून लावते. आणि दरवर्षी चातुर्मासात एक आवडती वस्तू सोडते. जे आवडत नाही ते सोडण्यात काय अर्थ? त्या वर्षी मी विडा सोडला. जेवणानंतर पान खाणं ही माझी एकुलती एक चैन, म्हणून तेच.

"वा!" सासूबाई म्हणाल्या होत्या. "मागच्या साली वांगं सोडलं, औंदा पान. पुढच्या साली मले सोडजो."

शोभाबाई त्यांचं नाव, मी आई म्हणते. वर्ध्याला लागूनच बोरगाव मेघेला आमचं घर. सासरे गेल्यापासून किराणा दुकान माझे यजमान भूपेंद्र पाहतात, आणि स्वयंपाकघर आईंच्या ताब्यात आहे. मी नोकरीवर जाते म्हणून नव्हे. लोणी कढवायला दुसरं कुणी बसलं की त्यांचा जीव वरखाली होतो.

त्या वर्षी दिवाळीच्या आधी तूप घेणाऱ्या एका सहकारी संघानं आपल्या सगळ्या डेअऱ्यांचं आणि गवळ्यांचं तूप आमच्याकडे तपासायला पाठवलं. नवी पद्धत आली आहे तर वासही तपासा, असं त्यांचं म्हणणं होतं. ज्याच्या तुपात बाहेरचा वास निघेल त्याचं तूप ते कायमचं बंद करणार होते.

तुलनेसाठी शुद्ध तूप हवं. वासुदेवरावांनी विचारलं, "ज्याच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवता येईल असं तूप कुठचं?"

"आमच्या घरचं," मी म्हटलं. "दूध ओळखीच्या गवळ्याचं, विरजण घरचं, कढवतात आई."

"मग आणा."

मी बाटलीभर आणलं. त्याची टोकं कागदावर घेतली आणि बाकीच्यांची टोकं त्याच्याशी ताडून पाहू लागले. बहुतेक तुपं जुळली. शहरातल्या डेअऱ्यांतून यंत्रावर काढलेलं तूप होतं ते. एक मात्र जुळलं नाही. ते आर्वीच्या पुढच्या एका खेड्यातल्या तानबा गवळ्याचं होतं. बाकीची टोकं सारखी, पण शेवटाकडे एक टोक जास्तीचं, चांगलं ठसठशीत.

यंत्र टोक काढतं, नाव सांगत नाही. नाव आपण शोधायचं. वासुदेवरावांनी एकेक वस्तू लावून पाहिली. लवंगेच्या तेलातलं एक टोक बरोबर त्याच जागी आलं.

"लवंग तुपात कायले येईल?" ते म्हणाले. "बाजारात तुपाचा वास बाटलीत मिळते, ताई. जुन्या तुपाले ताजं करणारे लोक हायेत. त्यातलंच काही दिसते."

"चरबीच्या बाकी चाचण्या तर चांगल्या आल्या आहेत."

"म्हणूनच वाईट वाटते. तूप चांगलं, अन् वरून वास टाकला." त्यांनी पेन उघडलं, मग पुन्हा बंद केलं. "बोलावून घ्या त्याले. लिहिण्याआधी विचारू."

तानबा दुसऱ्या दिवशीच आला. साठीचा माणूस, धोतर, डोक्याला फडकं, हातात काठी. खुर्ची दिली तर बसला नाही. वासुदेवरावांनी त्याच्यापुढे कागद ठेवला.

"हे तुमचं तूप."

तानबानं कागद लांब धरून पाहिला. "हे तं डोंगर दिसून राह्यले, साहेब."

"हा शेवटचा डोंगर दुसऱ्या कोणाच्या तुपात नाही. तुपात काय टाकता?"

"काई नाई."

"वास यावा म्हणून? टिकावं म्हणून?"

"गाईच्या शेपटीले हात लावून सांगतो, दुधाबिगर त्यात काई नाई." त्याचा आवाज चढला, मग माझ्याकडे पाहून खाली आला. "बाई, आमच्या गावातून दूध वर्ध्याले येत नाई. यष्टी येते तवापावेतो नासते. तूप हायेच म्हणून गवळाऊ जातीच्या गाई दावणीले हायेत. संघानं तूप बंद केलं तं मी गाई कुठी नेऊ? इकाव्या लागन. बापाच्या हातच्या गाईच्या पोटच्या हायेत त्या."

वासुदेवरावांनी कागदाची घडी घातली. ते कठोर नाहीत. पण कागदावर जे आलं ते खोडून टाकणाऱ्यांतलेही नाहीत. तानबा गेल्यावर मी हळूच म्हटलं, "सर, आपण जाऊन पाहिलं तर? तूप कढवतानाच पाहू."

"तुम्हाले तो खरा वाटते?"

"मला तो खोटं बोलताना दिसला नाही."

"बोलताना कोणीच दिसत नाही," ते म्हणाले, पण दुसऱ्या दिवशी सकाळी बसस्टँडवर माझ्याआधी येऊन उभे होते.

आर्वीला उतरून दुसरी बस धरली. तानबाचं घर गावाच्या टोकाला. अंगण शेणानं सारवलेलं, एका बाजूला गोठा. पांढऱ्या, अंगानं हलक्या, चटकन मान वळवणाऱ्या गाई. एकीनं वासुदेवरावांची पिशवी हुंगली आणि तोंड फिरवलं.

"तिले बी डोंगर दिसला असन," तानबाची बायको रामबाई आतून म्हणाली. तिचा राग चुलीपाशी बसल्या बसल्या आमच्यापर्यंत पोचत होता. तरीही मी पायरी चढले तशी तिनं पाट सरकवला. "च्या घेता का?"

"आज गुरुवार आहे. एकवेळ असते माझी."

"मंग दूध तं चालन." तिनं विचारलं नाही, पेला हातात दिलाच. मग चुलीवरच्या पातेल्याकडे वळली.

लोणी कढत होतं. आधी तडतड मोठी होती, मग ती बारीक होत गेली. तिनं एकही डबा उघडला नाही, एकही पुडी सोडली नाही. वासुदेवराव दारात उभे राहून तिचे हात पाहत होते. मीही पाहत होते, आणि मला लाज वाटत होती. दुसऱ्या बाईच्या चुलीवर असा पहारा करू नये.

तूप होत आलं. रामबाईनं मागच्या ताटलीतून एक विड्याचं पान उचललं, पदराला पुसलं आणि पातेल्यात सोडलं. चर्र झालं. तिनं कान लावल्यासारखं केलं आणि पातेलं उतरवलं.

"हे काय टाकलंत?" वासुदेवराव.

"काई नाई."

"पान टाकलं ना!"

"पान टाकणं म्हंजे काई टाकणं होते का, साहेब?" ती हसली. "पान टाकलं तं पान काढून बी घेतो. राहते काय त्यात? तूप कढलं का नाई हे पानच सांगते. माह्या मायनं टाकलं, तिच्या मायनं टाकलं."

वासुदेवरावांनी कपाळाला हात लावला. "विड्याच्या पानात तेच असते हो! लवंगेत जे, ते पानात. माह्या डोक्यात कसं नाही आलं?"

तानबा पुढे झाला. "म्हणजे झालं, साहेब?"

झालं असं मलाही वाटलं होतं. पण वासुदेवरावांचा चेहरा उजळला तसाच पुन्हा मावळला. ते माझ्याकडे वळले. "ताई, तुमच्या घरी तुपात पान टाकतात?"

"टाकतात. आई नेहमीच टाकतात."

"मग तुमच्या तुपात हे टोक काऊन नाही?"

पानानं टोक येत असेल तर ते आमच्या तुपात यायला हवं होतं. ते आलं नाही म्हणजे पान हे कारण नाही. म्हणजे तानबाच्या तुपात आणखी काही आहे. माझ्याच घरच्या तुपानं त्याची वाट अडवली होती.

रामबाईला यातलं किती कळलं कोण जाणे. तिनं तुपातलं कुरकुरीत पान झाऱ्यावर काढलं, निथळलं आणि माझ्यापुढे धरलं. आमच्या घरीही ते पान असंच कुणाच्या तरी हातावर पडतं, बहुतेक माझ्याच.

"नको हो. चातुर्मासात मी विडा सोडला आहे."

"असं का?" तिनं पान लगेच मागे घेतलं. मग क्षणभर विचार करून म्हणाली, "मंग पान टाकलेलं तूप तरी कसं चालते तुमाले?"

हा विचार मी केलाच नव्हता. परतीच्या बसमध्ये मी दुसरा कुठलाच विचार केला नाही. आषाढीपासून रोज वरणभातावर तेच तूप मी घेत होते. आणि आषाढीपासून तुपातलं कुरकुरीत पान आईंनी मला एकदाही दिलं नव्हतं. मी सोडलंय म्हणून देत नसतील, भूपेंद्र खात असतील, असं मी धरून चालले होते.

घरी पोचले तेव्हा आई ओसरीवर बसून कापूस पिंजत होत्या. मी दिवा लावला, त्यांच्याजवळ बसले.

"आई, लोणी कढवताना तुम्ही पान टाकता ना?"

"टाकतो."

"आत्ताही?"

त्यांचे हात थांबले. "काऊन? तूप बिघडलं का?"

"नाही हो."

"मंग कायले इचारून राह्यली? पान वाचवाले लागली म्हातारी, असं वाटलं का तुले?"

"आई, एका माणसाच्या गाई विकल्या जातील. खरं सांगा ना."

मग त्यांनी कापूस बाजूला ठेवला. माझ्याकडे न पाहता, तुळशीकडे पाहत बोलल्या.

"आषाढीपासून नाई टाकत. तू पान सोडलं. पान तुपात उतरते, तूप तुह्या भातावर पडते. मंग तुहा नेम राह्यला का? देव काई बोलत नाई बाप्पा, पण मले तं माईत हाय."

"मला सांगितलं का नाही?"

"सांगतलं असतं तं तू म्हणाली असती, आई, माझ्यापायी सगळ्याईची चव नका बिघडवू. तुहं मले पाठ हाय. भूपेंद्र दोनदा म्हणे, आई, तुपाले वास काऊन नाई? म्या म्हटलं, तुह्या नाकाले सर्दी हाय, सुंठ खाय." त्यांनी कापूस पुन्हा उचलला. "तो बिचारा सुंठ खाऊन राह्यला."

मला हसू आलं आणि डोळेही भरले. माझ्या नेमांची रोज थट्टा करणाऱ्या या बाईनं माझा नेम माझ्याहून बारीक पाळला होता.

सकाळी वासुदेवरावांना सांगितलं. ते खूश झाले, पण मान हलवली. "सासूबाईंनी सांगितलं म्हणून रिपोर्ट लिहिता येत नाही, ताई. एकाच लोण्याचं दोन भागांत तूप करा. एकात पान, एकात नाही. दोन्ही सुईले दाखवू."

आईंना हे सांगितलं तर त्या बाह्या सरसावल्यासारख्या उठल्या. साठवलेलं लोणी दोन भागांत वाटलं. आधी बिनपानाचं कढवलं, म्हणजे पातेल्याला पानाचा वास राहायला नको. हे त्यांचं त्यांनीच ठरवलं. दुसऱ्यात पान टाकलं. बाटल्या भरल्या, बिनपानाच्या बाटलीला पांढरा दोरा बांधला, पानाच्या बाटलीला हिरवा, आणि पदर खोचून म्हणाल्या, "चाल. मी येतो."

"कुठे?"

"तुह्या हापिसात. माहं तूप हाय. मले नोको का पाहाले?"

प्रयोगशाळेत त्या स्टुलावर मांडी घालून बसल्या. स्टूल डुगडुगत होतं. मी पांढऱ्या दोऱ्याची बाटली गरम पाण्यात ठेवली, सुई घातली, धागा सोडला. आई वाकून पाहू लागल्या.

"शिवत नाई का तो तुपाले?"

"नाही. वरच्यावर राहतो."

"मंग उष्टं नाई झालं. उरलेलं निरांजनात चालन." त्या निवांत झाल्या. "अन् तुह्या त्या इथराचं तूप?"

"ते फेकावं लागायचं."

"बरं झालं गेलं ते. पदराले बी बरं झालं."

पहिल्या बाटलीचा कागद आला. शेवटाकडे सपाट रेघ. मग हिरव्या दोऱ्याची बाटली. वासुदेवराव यंत्रापाशी उभे राहिले, हात पाठीमागे. रेघ सरळ जात राहिली, जात राहिली. मी मनात जप सुरू केला होता, तो तुटला, पुन्हा धरला. आणि मग रेघ चढली. बरोबर त्याच जागी, तानबाच्या कागदावर होती तिथेच.

"डोंगर!" आई म्हणाल्या. हा शब्द त्यांना मीच सांगितला होता.

वासुदेवरावांनी तिन्ही कागद खिडकीला एकावर एक धरून पाहिले. "शोभाबाई, तुमच्यामुळे एक माणूस अडकला होता, अन् तुमच्यामुळेच सुटला."

"माह्यामुळं कायले? इच्यामुळं." त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "इनं वांगं सोडलं असतं तं काई झालं नसतं."

वासुदेवरावांनी त्याच दुपारी रिपोर्ट लिहिला. वास विड्याच्या पानाचा असून तूप कढवण्याच्या घरगुती रीतीतून आला आहे, भेसळ नाही. संघानं तानबाचं तूप ठेवलं. आणि आमच्याकडे तुलनेला तेव्हापासून दोन तुपं असतात, एक पानाचं आणि एक पानाशिवायचं. दोन्ही आई देतात.

दिवाळीच्या तोंडावर तानबा आला. या वेळी खुर्चीवर बसला. फडक्यात बांधलेला खव्याचा गोळा रामबाईनं पाठवला होता. वासुदेवराव नको नको म्हणत होते.

"तपासून घ्या, साहेब," तो म्हणाला. "धागा लावा. डोंगर निघाला तं वापस नेतो." मग उठता उठता माझ्याजवळ थांबला. "बाई, आमची इचारत होती, आता पान टाकाव का नोको?"

"टाका म्हणावं."

"अन् तुमचं कवा सुटते?"

"द्वादशीला."

कार्तिकी द्वादशीला नेम सुटला. संध्याकाळी तुळशीचं लग्न लागलं. मी एका सवाष्णीला दक्षिणा ठेवून विडा दिला, मग माझ्यासाठी तबकातलं पान उचलणार तेवढ्यात आतून चर्र आवाज आला आणि पाठोपाठ तो वास. तपासणीपुरता एक दिवस सोडला तर एवढे महिने घरात नसलेला वास एकदम आला की कळतं, तो किती आपला होता. भूपेंद्र दुकानातून नुकतेच आले होते, ते चप्पल काढता काढता थबकले. "आई, माझी सर्दी गेली वाटतं!"

आईंनी तुपाची वाटी आणि तुपातलं ते कुरकुरीत पान आधी देवापुढे ठेवलं. मी डोळे मिटून हात जोडले. मग त्यांनी पान माझ्या हातावर ठेवलं. अजून कोमट होतं. मी ते मोडलं आणि अर्धं त्यांच्यापुढे धरलं. कारण त्यांनीही ते तितकेच दिवस खाल्लं नव्हतं, हे मला आता माहीत होतं.

त्यांनी घेतलं, चावलं.

"पुढच्या साली काय सोडणार हाय ते मले आंधी सांगजो," त्या म्हणाल्या. "भूपेंद्राले कोणता रोग सांगाव, ते ठरवाले येळ पाह्यजे नं मले."